शाळेची मेंढरं

तीर्थपुरीतल्या जुन्या माणसांना रखमाजी मास्तरांची शाळा आधी वासानं आठवते. ओल्या पाटीचा वास, पोरांच्या डोक्यांना चोपडलेल्या करडीच्या तेलाचा वास, आणि या दोन्हींच्या वरताण मेंढरांचा वास. शाळेला मेंढरं होती. आज कुणाला सांगितलं तर थट्टा वाटते. शाळेला घंटा असते, फळा असतो, फार तर दोन कडुनिंब असतात. मेंढरं कशी असतील? पण होती. निजामाच्या अमलात, त्या बाजाराच्या गावात, महादेवाच्या देवळाच्या ओवरीत भरणारी ती मराठी शाळा मेंढरांच्या जिवावर चालली, आणि झकास चालली.

मास्तर स्वतः धनगराचे. बाप लवकर गेला तेव्हा थोरल्या म्हस्कूनं काठी हातात घेतली आणि धाकट्या रखमाला जालन्याला मावशीकडं शिकायला धाडलं. "कळपामागं एक माणूस पुरं हाय," एवढंच तो म्हणाला. रखमा शिकून परत आला तो कोट-टोपी घालून. वस्तीवर त्या कोटाचं कौतुक कितीतरी दिवस पुरलं. कोकरांना मात्र तो पटला नाही. ती बुजून चौखूर उधळली आणि म्हस्कू पोट धरून हसला. जालन्यात नोकरी मिळत होती, ती सोडून हा गडी गावात शाळा काढायला आला, याचं हसू गावाला पुढं बरेच दिवस येत राहिलं.

शाळा चालवणं म्हणजे शिकवणं, अशी मास्तरांची भाबडी समजूत होती. पहिल्याच साली कळून चुकलं की शिकवणं हा त्यातला सोपा भाग. ओवरीचं छप्पर गळायचं, पाट्या फुटायच्या, तालुक्याला खेटे घालून चपला झिजायच्या. आणि मुख्य म्हणजे दुसरा मास्तर हवा होता, उर्दू आणि वरचं गणित शिकवणारा. कारण रखमाजींच्या डोक्यात एक वेड शिरलं होतं. ही शाळा चौथीवर थांबू द्यायची नाही. वरचे वर्ग काढायचे, मिडलच्या, म्हणजे सातवीच्या परीक्षेला पोरं बसवायची. चौथीनंतर पोराला जालन्याला ठेवायची ऐपत गावात दोन-तीन घरांचीच. बाकीची हुशार पोरं पाटी कोनाड्यात ठेवून औतामागं जात. ती बांधावरून हात करून "रामराम मास्तर" म्हणत, आणि मास्तर औत बांधाआड जाईपर्यंत त्यांच्याकडं बघत राहत.

शाळेची एक कमिटी होती. तिचे अध्यक्ष काकासाहेब, गावातले मोठे जमीनदार. माणूस दिलदार, पण एकदा मत झालं की ते हलवायला एक पावसाळा जावा लागे. त्यांचं मत असं, की शाळेला आधी पक्की इमारत पाहिजे.

"आधी भिंती, मंग मास्तर," ते म्हणाले. "भिंत दिसती. देणाराचं नाव तिच्यावर लिवता येतं. तुमच्या मास्तरावर कुठं नाव लिवायचं?"

"भिंती पाढे शिकवत न्हाईत, काकासाहेब."

"आन् मास्तर फुकट शिकवत न्हाई!"

यावर बैठक हसली. मग वर्गणीचा विषय निघाला आणि सगळ्यांना एकदम आपापल्या पायाचे अंगठे बघावेसे वाटू लागले. रोकड होती कुणाकडं? कापूस विकला की चार दिवस रुपया घरात खुळखुळायचा, पुन्हा सामसूम. तेव्हा रखमाजी मास्तर म्हणाले, "पैसा मागूच नका. कोकरू मागा."

हिशेब सरळ होता आणि तो फक्त धनगराच्याच डोक्यात येण्यासारखा होता. शाळेत नाव घालताना प्रत्येक घरानं एक कोकरू द्यायचं. ती सगळी म्हस्कूच्या कळपाबरोबर चरतील. रब्बी निघाल्यावर शेतकरी मेंढरं बसवायला बोलावतातच. रात्रभर रानात जाळ्याची वाघर लावून कळप कोंडायचा, रानाला खत मिळतं आणि धनगराला ज्वारी. लोकर घोंगडी विणणाऱ्यांना जाईल, नर जालन्याच्या व्यापाऱ्याला, आणि माद्या कळप वाढवतील. काकासाहेबांनी मिशीवरून हात फिरवला. पावसाळा जाऊ न देता त्यांचं मत बदललं, असं त्यांच्या हयातीत त्या एकाच दिवशी घडलं.

राहता राहिला म्हस्कू. शाळेची मेंढरं त्यानं का म्हणून राखावीत? मास्तरांनी मजुरीचा विषय काढला तर तो रागावलाच.

"मला कामून पैसा दाखवून राह्यला, रखमा? मला काय बी नको. माझी सोनी शिकली पायजे, बस. तेवढं कर."

"केलंच समज, दादा."

"शबूद?"

"शब्द."

त्यानंतरची चार-पाच वर्षं म्हणजे मास्तरांच्या आयुष्यातला सगळ्यात सुखाचा काळ. कोकराच्या उजव्या कानाला तिरपी खाच पाडली की ते शाळेचं झालं. कळप वाढत गेला. जालन्याहून रामकिसन मास्तर आले, उर्दू-गणितात तयार, पण मेंढ्यांना अशी भीत की एडका दिसला की धोतराचा सोगा धरून फळ्यामागं. लोकर कातरायच्या दिवशी शाळेला सुट्टी. पोरं ओढ्यावर मेंढरं धुवायची, एकमेकांना जास्त धुवायची, आणि म्हस्कू कातर चालवता चालवता ओरडायचा, "मेंढी धरा रं, मेंढी! मास्तर न्हाई धरायचा!" कारण पोरांनी रामकिसन मास्तरांनाही पाण्यात ओढलेलं असायचं. दुपारी झाडाखाली भाकरी, लाल मिरचीचा ठेचा आणि मेंढीच्या चिकाचा घट्ट खरवस. तो खरवस खाल्लेली माणसं आता म्हातारी झाली, पण त्याचं नाव काढलं की अजून ओठांवरून जीभ फिरवतात.

रखमाजी मास्तर मात्र हळूहळू बदलत होते, आणि ते त्यांचं त्यांना कळत नव्हतं. वर्गात कविता सांगताना त्यांचा एक कान बाहेर असायचा. मेंढी खोकली की ओळ चुकायची. घरी जेवताना तोंडातल्या तोंडात पुटपुटायचे: इतक्या गाभण, इतके नर, तेवढ्यात रामकिसनचा पगार, उरल्यात पाट्या. त्यांची बायको साळूबाई फटकळ होती. ती एकदा म्हणाली, "जालन्याला शिकून यून तुमी धनगराचे धनगरच राह्यले. भाऊजी बरे, ते निस्ते मेंढरंच राखतेत. तुमी त पोरं बी मोजाया लागले."

मास्तर हसले. हसायला नको होतं.

सोनी रोज शाळेत यायची. रोज उशिरा, कारण सकाळी कोकरं पाजायचं काम तिचं. ओढणीला लेंड्या चिकटलेल्या, हातात पाटी, आणि डोळ्यांत झोप. शिकण्यात मंद होती, हे खरं. अक्षराखाली बोट ठेवून एकेक शब्द ओढून काढायची, जशी अडलेल्या मेंढीची सुटका करतात तशी, घामाघूम होऊन. पण सोडायची नाही. चुलता असला तरी शाळेत "मास्तर" म्हणायचं, हे तिला एकदाच सांगितलं होतं. ती घरीसुद्धा "मास्तर" म्हणू लागली. चौथीच्या वर्गात ती दुसऱ्यांदा बसली होती. पोरं चिडवायची. म्हस्कू विचारायचा, "किती शिकली रं माझी सोनी?" आणि मास्तर म्हणायचे, "चाललंय, दादा, चाललंय."

मग त्या हिवाळ्यात तालीम खात्याचा, म्हणजे निजामाच्या शिक्षणखात्याचा निरोप आला. नाजरसाहेब शाळा तपासायला येणार होते. चौथीचा वर्ग त्यांच्या मनाला बराबर वाटला, तर पाचवी काढायची इजाजत. नाही तर पुन्हा अर्ज, पुन्हा खेटे, पुन्हा सगळं पहिल्यापासून. मास्तरांच्या झोपेचं खोबरं झालं. रामकिसन मास्तरांना दुसरीकडून बोलावणं आलेलं होतं. वरचा वर्ग निघाला तरच ते थांबणार होते, तसं त्यांनी तोंडावर सांगितलं होतं. रामकिसन गेले की उर्दू गेलं, उर्दू गेलं की मिडल गेली, आणि मिडल गेली की मग ही कोकरं कशासाठी जमवली?

धनगरांची एक रीत आहे. व्यापारी कळप बघायला येणार असला की लंगडी, खरजुली, अशक्त मेंढरं आधीच बाजूला काढून बांधामागं नेऊन बसवतात. लबाडी म्हणून नव्हे. ती मेंढरं विकायचीच नसतात. पण गिऱ्हाइकाची पहिली नजर लंगड्यावर पडली की तो सगळ्या कळपाचा भाव पाडतो. रखमाला ही रीत लहानपणी म्हस्कूनंच शिकवली होती. कित्येकदा तो स्वतः बांधामागं त्या मेंढरांजवळ गप्प बसून राहिला होता.

नाजरसाहेब यायच्या दिवशी सकाळी मास्तरांनी चौथीतली कच्ची चार-पाच पोरं बाहेर बोलावली. "आज मेंढरांकडं जा. दादाला मदत पायजे." पोरं उड्या मारत निघाली, तपासणीतून सुटका म्हणजे सणच. सोनी जागची हलली नाही. त्या दिवशी ती वेळेवर आली होती. परकर धुतलेला होता, डोक्याला तेल होतं, ओढणीला एक लेंडी चिकटलेली नव्हती.

"मास्तर, मला धडा येतो," ती म्हणाली. "मी पाठ केलाय. मेंढरांपुढं म्हणून पाह्यला."

मास्तरांनी तिच्याकडं बघितलं नाही. वेशीकडं धूळ दिसत होती. "पुढच्या टायमाला म्हण. जा आता, जल्दी."

तिनं एकदा त्यांच्या तोंडाकडं पाहिलं आणि ती गेली. परकर वर खोचून, पोरांच्या मागून, सावकाश.

तपासणी अशी झाली की विचारू नका. पोरांनी धडाधड उत्तरं दिली. रामकिसन मास्तरांच्या पोरांचं उर्दू ऐकून साहेबांची मान डोलली. ते म्हणाले, खेड्यात असा वर्ग आपण पाहिला नाही. काकासाहेबांनी तिथल्या तिथं गूळ वाटला आणि छातीवर हात ठेवून साहेबांना सांगितलं, की इमारतीपेक्षा मास्तर महत्त्वाचा असं आपलं पहिल्यापासून मत होतं. रखमाजी मास्तर त्या दिवशी तरंगत घरी आले. गुळाचा एक खडा त्यांनी सोनीसाठी खिशात ठेवला होता.

दिवस बुडायच्या सुमाराला म्हस्कू आला. अंगणात आला, पण ओट्यावर बसला नाही. काठीवर हनुवटी टेकून उभा राहिला.

"मिळाली का रं इजाजत?"

"मिळणार, दादा! साहेब खूश झाले. पाचवी निघते बघ आता."

"ब्येस झालं." मग अगदी साध्या आवाजात म्हणाला, "म्हंजी आज गिऱ्हाईक आल्तं म्हन की साळंत."

मास्तरांनी हातातला तांब्या खाली ठेवला.

"मला आधी कळंना, पोरं काहून आली. मंग सोनी आली आन् बांधामागं जाऊन बसली. म्या म्हनलं, इकडं ये की, तिकडं काय करती? तर म्हनली, 'आबा, लंगडी मेंढरं इथंच बसवतेत.'"

म्हस्कू ओरडला असता, काठी उगारली असती, तर मास्तरांना सोसलं असतं. तो ओरडला नाही. "यिऊ का मंग," म्हणाला आणि कळप वळवायला निघून गेला. गुळाचा खडा मास्तरांच्या खिशात विरघळला. साळूबाईनं कोट धुताना त्याचा डाग पाहिला आणि तो दोनदा घासून काढला.

दुसऱ्या दिवशी सोनी शाळेत आली नाही. तिसऱ्या दिवशी मास्तर स्वतः माळावर गेले. ती कळपामागं होती, काठी खांद्यावर आडवी घेऊन. त्यांनी समजावलं, रागावले, शेवटी अक्षरशः हात जोडले. ती मान खाली घालून म्हणाली, "मी मेंढरं राखते, मास्तर. मला ते येतं." म्हस्कू म्हणाला, "म्या बी सांगून थकलो. आयकत न्हाई."

"दादा, मग शाळेची मेंढरं तरी..." मास्तर म्हणाले.

"ती राखतो की. म्या शबूद दिल्ता ना."

म्हस्कूनं तेवढंच म्हटलं. पण तू दिलेल्या शब्दाचं काय, हे त्यानं विचारलं नाही, आणि न विचारलेल्या त्या प्रश्नानं रखमाजी मास्तर आतून पोखरले गेले.

पाचवी निघाली. मग सहावी, मग सातवी. तीर्थपुरीची पोरं मिडलला बसली, पास झाली, जालन्याला गेली, कुणी तलाठी झालं, कुणी मास्तर. गावोगावचे लोक शाळा बघायला यायचे आणि काकासाहेब त्यांना कळप दाखवायचे. कळपामागं सोनी असायची. रामकिसन मास्तरांचा पगार, पाट्या, नकाशे, नवं छप्पर, सगळं तिच्या काठीमागून येत होतं. रोज सकाळी ती मेंढरं घेऊन ओवरीच्या भिंतीजवळून जायची. आत कविता चालली असली की कळपाची चाल मंदावायची. मास्तरांना ते घुंगरांच्या आवाजावरून कळायचं. मग ते तीच कविता पुन्हा म्हणायला लावायचे, पोरं कंटाळली तरी. घुंगरं पुढं सरकेपर्यंत. पुढं तिचं लग्न झालं, ती मंठ्याकडच्या एका खेड्यात गेली, आणि भिंतीजवळून कळप भराभर जाऊ लागला.

मास्तरांनी त्यानंतर किती तपासण्या पाहिल्या. कच्चं पोर त्यांनी पुन्हा कधी बाहेर काढलं नाही. एकदा त्यापायी साहेबांचा शेरा खाल्ला, कमिटीची बोलणी खाल्ली. पण केलेलं फिरत नाही. म्हस्कू त्यांच्याशी पूर्वीसारखाच बोलायचा, हसायचा, आणि तसाच एका थंडीत तो गेला. त्याची माफी मागायचं मास्तरांकडून राहूनच गेलं. मोठ्या भावाची माफी कशी मागायची, हे त्या शिकलेल्या माणसाला काही केल्या येईना.

मग अठ्ठेचाळीस साल आलं. पोलीस ॲक्शन झाली, निजामी गेली, गावात झेंडा लागला. शाळा आता सरकार चालवणार असं बोललं जाऊ लागलं. कळप केव्हाच पांगला होता. कोकराची फी बंद झाली होती. मास्तरांचे केस पिकले होते, कोट विटला होता. दिवाळीनंतरच्या एका सकाळी ते हजेरी घेत असताना दाराशी मेंढराचं ओरडणं ऐकू आलं, आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं त्यांचा कान तिकडं गेला.

दारात सोनी उभी होती, आता सोनूबाई झालेली. एका हातात मुलीचा हात, दुसऱ्या हातात कोकराच्या गळ्यातली दोरी.

"आमच्या गावात साळा न्हाई," ती म्हणाली. "हिला इथं माझ्या आईपाशी ठिवते. नाव घाला. इंद्रायणी."

"अगं, आता कोकरू लागत न्हाई, सोने. ते दिवस गेले."

"लागत न्हाई कसं? आमी दिल्याबिगर शिकत न्हाई." तिनं दोरी ओवरीच्या खांबाला बांधली. गाठ पक्की आहे का ते ओढून बघितलं. मग मुलीच्या पाठीवर हात ठेवून, मास्तरांकडं न बघता, खालच्या आवाजात म्हणाली, "येकच सांगते, मास्तर. गिऱ्हाईक आलं तरी हिला बांधामागं बसवू नका."

मास्तरांचे डोळे भरून आले. वर्गापुढं ते कधी रडले नव्हते, त्या दिवशी रडले. पोरं टकामका बघत राहिली. सोनूबाईनं पदर तोंडाला लावला, पण ती तिथून गेली नाही. पंधरा वर्षांपूर्वी पाठ केलेला धडा म्हणायला आल्यासारखी ती दारातच उभी राहिली.

मास्तरांनी उपरण्यानं डोळे पुसले आणि मुलीपुढं उकिडवे बसले. "काय येतं गं तुला?"

मुलीनं आईकडं बघितलं. मग म्हणाली, "काहीच येत न्हाई."

"मंग बराबर आली तू," मास्तर म्हणाले. "ये. म्होरं बस."

त्यांनी तिला पहिल्या रांगेत, दारातून येणाऱ्याला आधी दिसेल अशा जागी बसवलं. मग ते उठले आणि आपली फळ्याजवळची खुर्ची उचलून त्यांनी दारापाशी सोनूबाईसाठी ठेवली. ती खुर्चीवर बसली नाही, उंबऱ्यावर बसली. बाहेर कोकरू ओरडत होतं, आत पोरं हसत होती, आणि रखमाजी मास्तरांनी त्या सकाळी कुणालाच गप्प बसवलं नाही.